शुध्द शाकाहारी

‘येथे काहीही लिहू नये’ ही ओळ मी मिरजेतल्या किमान चारशे भिंतींवर लिहिलीय. एकाही मालकानं मला विचारलं नाही, की बाबा, मग तू आत्ता हे काय केलंस? उलट प्रत्येकानं चहा पाजला.

मी भूपाल चौगुले. धंदा पेंटरचा, म्हणजे पाट्या रंगवायचा. वय बावन्न. गावात माझी ओळख पेंटर म्हणून कमी आणि आगलाव्या म्हणून जास्त. मुतारीवर ‘स्वागत आहे’ मीच लिहिलं होतं. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या बोर्डावर ‘भावी’च्या जागी ‘भाबी’ झालं होतं, तेही मीच केलं होतं, पण ते सिद्ध झालं नाही.

ही खोड मला लावली माझ्या आक्कानं. पद्माक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. शाळेत शुद्धलेखनाचं बक्षीस दरवर्षी तिचंच. पावसापाण्याचं घरात अडकलो की ती एक खेळ काढायची. शब्द घ्यायचा आणि बघायचं, तो स्वतःला लागू पडतो का. ‘मराठी’ हा शब्द मराठी आहे, म्हणजे तो आपला. ‘इंग्रजी’ हा शब्द इंग्रजी नाही, म्हणजे तो परका. ‘जोडाक्षर’मध्ये क्ष हे जोडाक्षर आहे, आपला. ‘अनुस्वार’वर अनुस्वारच नाही, परका. असं करत करत एके दिवशी तिनं मला विचारलं, "भुप्या, आता ‘परका’ हा शब्द घे. तो आपला का परका?"

मी म्हटलं, परका. ती म्हणाली, परका आहे म्हणजे स्वतःला लागू पडला, मग आपला झाला की. मी म्हटलं, बरं, आपला. ती म्हणाली, आपला असेल तर तो स्वतःला लागू पडायला पाहिजे, म्हणजे परका व्हायला पाहिजे. मी दोन दिवस जेवलो नाही नीट. ती मात्र मजेत होती.

पुढं तिचं लग्न तवनाप्पा मगदूमांशी झालं. ते माझे दाजी. २००९ साली दोघांनी स्टेशन रोडला खानावळ काढली आणि पहिली पाटी अर्थात मी रंगवली. पत्र्यावर, पिवळ्यावर लाल. मगदूम खानावळ. शुध्द शाकाहारी. आमची कोठेही शाखा नाही.

आक्का पाटीखाली उभी राहिली. वाचताना तिचे ओठ हलतात, अजूनही. ‘शुध्द’पाशी ते थांबले. द ला ध जोडायचा असतो, मी ध ला द जोडला होता. महाराष्ट्रातले निम्मे पेंटर असंच लिहितात, पण ते कुणाला सांगता? ती म्हणाली, "शुद्ध हा एकच शब्द सगळ्या पाटीवर अशुद्ध. लेका, तुला परक्याचा खेळ शिकवला तो असा फेडलास होय?"

मी म्हटलं, मुद्दाम केलंय, गिऱ्हाईक चूक बघायला थांबतं. ते खोटं होतं. खरंच चुकलं होतं. पण पाटी तशीच राहिली आणि पंचवीस वर्षं, दर भाऊबीजेला ओवाळून झालं की ती तेवढं बोलून घ्यायचीच.

मग खरी शाई आली.

ते नीट सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. या शाईत रंग नसतो, कण असतात. रव्याच्या दाण्याच्या शंभराव्या भागाएवढा एक कण. एका बाजूनं काळा, दुसऱ्या बाजूनं लाल, आणि पोटात बारकं यंत्र. उजेडावर चालतं. तुम्ही ब्रशनं अक्षर काढलं की कण शेजारच्या कणांना विचारून घेतात की आपण मिळून कुठलं अक्षर झालो, कुठला शब्द झालो, कुठलं वाक्य झालो. एका पाटीवरचे सगळे कण एकमेकांशी बोलतात. मग ते वाक्य मोबाईलच्या टॉवरवरून जातं आणि सरकारी दप्तरं, परवाने, कॅमेरे, सगळीकडं चौकशी करून येतं. खरं निघालं तर कण काळी बाजू दाखवतात, खोटं निघालं तर लाल. काहीच कळलं नाही तर अर्धे इकडं अर्धे तिकडं होतात आणि अक्षर राखाडी मातकट दिसतं. शाईच्या कोशात नसलेला शब्द असेल तर ती त्याला शब्दच धरत नाही, नुसती नक्षी समजून काळी राहते. आणि ही चौकशी दर दोन सेकंदांनी पुन्हा होते, कारण जग बदलत असतं. ‘दुकान उघडे आहे’ ही पाटी शटर ओढलं की लाल व्हायला पाहिजे ना?

दोन वर्षांपूर्वी कायदा झाला, की दुकानाची प्रत्येक पाटी याच शाईत. पहिल्या महिन्यात गावाला गोवर आल्यासारखं झालं. ‘ताजे दूध’ लाल. ‘एकच दर’ लाल. एका क्लासवाल्याची अख्खी भिंत लाल, फक्त फोन नंबर तेवढा काळा. मी इतका हसलो की बरगड्या दुखल्या. धंदाही जोरात, कारण जो तो पुसून नवीन लिहून घेत होता.

गप्प बसलो असतो तर भूपाल कसला? महापालिकेच्या भिंतीवर मी त्या शाईत लिहिलं, ‘हे वाक्य लाल आहे.’ ओलं होतं तेव्हा काळं होतं, म्हणजे वाक्य खोटं. दोन सेकंदांनी लाल झालं. लाल झालं म्हणजे वाक्य खरं, म्हणून पुन्हा काळं. काळं, लाल, काळं, लाल, लग्नातल्या दिव्यांच्या माळेसारखं लुकलुकायला लागलं. माणसं जमली. कंपनीचा इंजिनियर पुण्याहून आला आणि म्हणाला, काका, असं वाक्य लिहायचं नसतं. मी म्हटलं, कायद्यात दाखव. त्यानं फोटो काढला आणि पुण्याला परत गेला.

आक्काला हे कळलं तेव्हा खानावळीत भाकरी थापता थापता ती म्हणाली, "हे सोपं झालं. स्वतःपुरतं लुकलुकतंय, त्याचा जगाला काय उपयोग? अख्ख्या पाटीला धरून लुकलुकेल असं लिही."

आणि तिनंच ओळ सांगितली. ‘या पाटीवरचे एक तरी वाक्य खोटे आहे.’

बघा हं. समजा पाटीवरचं बाकी सगळं खरं आहे. मग ही ओळ खोटी ठरली, लाल झाली. पण ती खोटी झाली की पाटीवर एक खोटं वाक्य सापडलं, तेच. म्हणजे ओळ खरी, काळी. काळी झाली की पाटीवर खोटं काही उरलं नाही, पुन्हा लाल. तिचं लुकलुकणं थांबतच नाही. पण दुसरं एखादं वाक्य खरोखर खोटं असेल, तर ओळीला काही त्रासच नाही. ती नुसती खरी. गपगुमान काळी. म्हणजे प्रामाणिक पाटीवर लुकलुकते, लबाड पाटीवर शांत बसते.

पहिल्यांदा मी ती हैदरभाई सतारवाल्याच्या पाटीखाली लिहिली. ‘अस्सल भोपळ्याची सतार.’ लुकलुकली. हैदरभाई रस्त्यात खुर्ची टाकून दिवसभर बघत बसला. महिन्याभरात गावात पद्धतच पडली. ‘पेंटर, आमच्याकडं लुकलुक टाका.’ जिथं लुकलुक नाही तिथं बायका पाव किलो साखर घेईनात.

असं का, वाक्यं तर आधीच काळी होती की? तर त्यातलं इंगित गावाला एव्हाना कळलं होतं. कंपनी दोन प्रकारची शाई विकायची. दुसऱ्या प्रकारच्या डब्याच्या बुडाला बारका हिरवा ठिपका असतो. त्यातल्या कणांना आतून सगळं कळतं, शेजारच्या कणांना ते सांगतातही, फक्त लाल बाजू वर येत नाही. आम्ही तिला साहेबी शाई म्हणायचो. उघड मिळत नाही, पण मिळते. माझी ओळ साध्या शाईतली. ती शेजारच्या साहेबी अक्षरांना विचारते, ती तिला खरं सांगतात, आणि ती शांत बसते. आक्काच्या एका ओळीनं सगळी साहेबी शाई उघडी पाडली.

सगळ्यात शेवटी राहिली आक्काचीच पाटी, कायदा झाल्यापासून दाजी आज-उद्या करत होते म्हणून. खानावळीला पंचवीस वर्षं झाली, त्या दिवशी दुपारी चारला नवीन पाटीची पूजा ठरली. गल्ली बोलावली होती. दाजी मात्र कुरकुरत होते. लुकलुक नको, आपलं नाव आहे, आपल्याला कशाला पाहिजे सर्कस? आणि शाईसुद्धा त्यांनीच आणून दिली, झाकण उघडून, वर कागद बांधून. मी म्हटलं, वा, दाजी पहिल्यांदाच स्वतःहून काही आणतायत.

तीन वाजता मी शिडीवर. मगदूम खानावळ, स्थापना २००९. शुद्ध शाकाहारी. या वेळी द ला ध जोडला, तीन वेळा तपासला. आमची कोठेही शाखा नाही. सगळं काळंभोर. आक्का घरी साडी बदलायला गेलेली, दाजी आत. मग मी माझा डबा काढला आणि खाली हळूच तिची ओळ लिहिली. म्हटलं, सरप्राईज.

लुकलुकली नाही.

मी सुकायची वाट बघितली. फुंकर मारली. दाजींनी दिलेला डबा उचलला आणि उलटा करून बघितला. हिरवा ठिपका.

दाजी बाहेर आले, वर बघितलं आणि पायरीवर बसले. मी डब्याचं बूड त्यांच्याकडं केलं. ते म्हणाले, "संकेश्वरला आहे. हायवेवर. नऊ वर्षं झाली."

"काय आहे?"

"मिलिटरी हॉटेल."

आमच्याकडं मिलिटरी हॉटेल म्हणजे मटणाचं. मला आधी हसू आलं, खोटं कशाला बोलू? मगदूम खानावळीची शाखा, आणि ती तांबड्या रस्स्याची. असला विनोद मला सात जन्मात सुचला नसता. मग आक्का डोळ्यांपुढं आली आणि हसू जागच्या जागी मेलं.

आम्ही जैन, आणि आक्का तर पाणी गाळून पिते. सूर्य बुडाला की अन्नाला शिवत नाही. खानावळीत कांदा-लसूणसुद्धा नाही. तांदूळ निवडताना एखादा किडा चिरडला तर त्या दिवशी एक वेळ उपाशी राहते, आणि हे कुणाला सांगत नाही, आपल्याला तिच्या तोंडावरून कळतं.

दाजी सांगत गेले. कांद्याशिवायचं जेवायला हल्ली येतंय कोण? खानावळ कधीच बंद पडली असती. ती बंद पडली असती तर आक्का खचून बसली असती. मुंबईच्या एकाबरोबर भागी केली, परवाना यांच्या नावावर, खानावळीची शाखा म्हणून. तिकडच्या पैशावर इकडची चूल चालते. मी विचारलं, मग शाखेची ओळ गाळायची होती नुसती. तर म्हणाले, गाळली असती तर तिनं विचारलं असतं. ते खरंच होतं. त्या ओळीचा तिला केवढा अभिमान. पुण्याची माणसं शाखेसाठी जागा घेऊन आली होती तेव्हा तिनं त्यांना पाटीकडं बोट दाखवून परत पाठवलं होतं.

"भूपाल, काहीतरी कर," दाजी म्हणाले. "तुला येतंय असलं."

मला येत होतं. हीच तर भानगड. कोपऱ्यावरून आक्का येताना दिसली, हातात नारळ, मागं हैदरभाई, गल्लीतल्या बायका. मी ओळ फडक्यानं पुसली आणि तिथंच लिहिलं, ‘तुम्ही आत्ता वाचता आहात ती ही ओळ खोटी आहे.’ ही कुठंही लुकलुकते. चोराच्या दारावरसुद्धा. तिला बाकीच्या पाटीशी काही घेणंदेणं नाही.

लुकलुकली. टाळ्या पडल्या. हैदरभाई म्हणाला, बघा, मी सांगितलं नव्हतं? लोकांना आता ओळ वाचायची सवय राहिली नव्हती, नुसता लाल-काळा खेळ बघायचे. वाचणारी एकच. आक्का नारळ घेऊन उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. शेवटच्या ओळीपाशी ते थांबले. मग तिनं नारळ फोडला, सगळ्यांना जेवायला बसवलं, आणि पहिलं ताट मला वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती माझ्या दुकानात आली. आजवर कधी आली नव्हती. टर्पेंटाईनच्या वासानं तिला मळमळतं.

"ओळ का बदललीस?"

मी म्हटलं, जागा कमी पडली. ती म्हणाली, नवी ओळ जुनीपेक्षा लांब आहे. मी म्हटलं, जरा गंमत केली. लुकलुकली की नाही शेवटी? सगळं खरं आहे गं आक्का, तू काय मनात आणतेस.

तिनं बाकड्यावरचा पत्र्याचा तुकडा उचलून माझ्यापुढं ठेवला.

"लिहून दे. तुझ्या डब्यातनं."

मी ब्रश उचलला. मी काय काय विचार केला सांगू? अक्षर मुद्दाम चुकवू, शाईला शब्दच कळू नये असं लिहू, राखाडी होईल असं गुळमुळीत काहीतरी लिहू. सगळ्या वाटा येत होत्या मला. पण ती बघत होती, आणि तो खेळ तिनं शिकवलेला. मी लिहिलं, ‘मगदूम खानावळीची कोठेही शाखा नाही.’

दोन सेकंद काळं. मग लाल.

तिनं विचारलं, कुठं. मी सांगितलं. तिनं विचारलं, कसली. मटणाची, आणि तिकडच्या पैशावरच इकडची चूल चालते, तेही सांगितलं. ती बाकड्यावर बसली.  म्हणाली, म्हणजे नऊ वर्षं मी जे जेवले ते त्या पैशातलं.

मी म्हटलं, तुझ्या चुलीवर काही गेलं नाही. शाईनंसुद्धा सांगितलंय. ‘मिरजेची मगदूम खानावळ शुद्ध शाकाहारी’ तेवढं मी काल रात्रीच माझ्या डब्यातनं वेगळं लिहून बघितलं होतं, ते काळंच राहिलं.

"शाईला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "शाखेची ओळ पूस. माझी ओळ होती ती परत घाल. आणि शुद्ध पहिल्यासारखं लिही."

"पहिल्यासारखं म्हणजे?"

"चुकीचं. तुला जमतं ते." ती उठली. "पंचवीस वर्षं शब्द चुकला होता आणि मला वाटायचं खानावळ बरोबर आहे. तो शब्द आता आपल्याला लावायचा नाही. नुसती नक्षी राहू दे."

मी तसं केलं. ध ला द जोडला. शाईनं त्याला शब्दच धरलं नाही. पाटीवर खोटं काही उरलं नाही, आणि खालची ओळ लुकलुकायला लागली, अगदी खरी. तुम्ही मिरजेला आलात तर दिसेल. तेव्हापासून गावातले बाकीचे हॉटेलवालेही ‘शुध्द’ असंच लिहून मागतात, कारण त्याला शाई धरत नाही. माझी चूक आता धंद्याची रीत झालीय.

आक्का खानावळीत जात नाही. आचारी ठेवलाय. ती घरी मागच्या खोलीत वेगळ्या शेगडीवर स्वतःपुरतं करते, शिकवण्या घेते, त्यातनं स्वतःपुरतं आणते. दाजींशी बोलते, माझ्याशी मात्र तेव्हा बोलत नव्हती. त्याचंच मला आश्चर्य वाटलं आणि मी एकदा बोलून दाखवलं, की त्यांनी नऊ वर्षं फसवलं, मी एक दुपार, आणि अबोला माझ्याशी?

ती म्हणाली, "त्यांनी लपवलं ते मी खचून बसू नये म्हणून. तू माझीच ओळ पुसून, मला समोर उभी करून टाळ्या घेतल्यास."

नंतर मी काहीही सांगितलं की तिचं एकच उत्तर. बाजारात वांगी स्वस्त झाली. लिहून दे. पुतणीला मुलगा झाला. लिहून दे. भाऊबीजेला ओवाळलं, पण शुद्धलेखनावरनं बोलली नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

त्या दिवशी मी खिशातनं पत्र्याचा तुकडा काढला आणि तिच्यासमोर, साध्या डब्यातनं, नीट अक्षरात लिहिलं, ‘भूपाल आपला आहे.’

दोन सेकंद गेले. चार गेले. शाई टॉवरवर जाऊन सगळ्या दप्तरांत विचारून आली असणार. रेशनकार्डावर आम्ही एका बापाची पोरं आहोत, तेवढं तिला सापडलं असेल. पण तेवढ्यावर तिचं काही ठरेना. अक्षर मातकट झालं. राखाडी.

आक्कानं वाचलं, ओठ हलले. फेकून देईल असं वाटलं होतं. तिनं तो तुकडा आत नेला.

सहा महिने झाले. शेगडीच्या वर खिळ्याला लावलाय म्हणे, अजून राखाडीच आहे, आणि ती रोज सकाळी शेगडी पेटवायच्या आधी एकदा वर बघते. असं दाजी सांगतात. आता दाजींचं काय खरं धरायचं म्हणा.